टेबलावरचं शिवार

"मले दूरचा चष्मा नोको, वाचाचा बी नोको. मले वीतभर अंतराचा पाह्यजे."

अमरावतीत राजापेठेच्या अलीकडे एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी नंबर तपासते. खुर्चीवर बसणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. बसची पाटी दिसत नाही, सुईत दोरा जात नाही, समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा दिसतो. वीतभर अंतराचा चष्मा मागणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. साठीच्या आसपासची, उंच, काटक, केस मागे घट्ट बांधलेले, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली.

"वीतभर अंतरावर काय पाहायचं असतं तुम्हाला?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून एक बाहुली काढली आणि माझ्या टेबलावर उभी केली. एक पाय पुढे, मान किंचित वर, आणि ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून बाई कपाळाशी हात धरते तसा हात. मग त्या स्वतः फरशीवर गुडघे टेकून बसल्या, टेबलाच्या कडेला हनुवटी ठेवली आणि बाहुलीच्या डोळ्यांत डोळे घातले.

"हे पाह्य. इतक्या दुरून. इथून इचं तोंड धुरकट दिसते."

मागच्या बाकावरची माणसं हसली. मी टेप काढली. त्यांच्या डोळ्यापासून बाहुलीच्या नाकापर्यंत नऊ इंच भरले. मी म्हटलं, "एवढ्या जवळचा चष्मा देता येईल, पण तो घालून चालू नका. चक्कर येईल."

"चालाचं कायले? मले तं पालथं पडूनच पाहा लागते." त्या उठल्या, साडी झटकली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू कुठची व्हय?"

"दर्यापूर तालुका."

"मंग पुन्यावानी काहून बोलून राहिली?"

दवाखान्यात असंच बोलावं लागतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्याशी मी माझ्या घरच्या बोलीत बोलू लागले. वच्छलाकाकूंशी माझी ओळख झाली ती ही अशी.

काकू बसमध्ये कंडक्टर होत्या. बाई तिकीट फाडते हे पाहायला लोक माना वळवत, तेव्हापासूनच्या. चामडी पिशवी खांद्याला लावून त्यांनी उभ्यानं नोकरी काढली, त्याची खूण तो खांदा. नवरा नोकरीत असतानाच गेला, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर दोन खोल्या आणि वर गच्ची एवढं त्यांचं राज्य होतं. चष्मा तयार झाल्यावर मी तो द्यायला मुद्दाम त्यांच्या घरी गेले. शिपायाकडून पाठवता आला असता. पण ती बाहुली माझ्या डोक्यातून जात नव्हती.

खोलीत पाऊल ठेवलं तर लवंगांचा वास. मला वाटलं, मसाला चाललाय. टेबलावर पत्र्याची मोठी परात होती, परातीत काळी माती, मातीत पऱ्हाटीच्या ओळी. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कपाशीचं झाड. प्रत्येक झाड जेमतेम माझ्या मधल्या बोटाएवढं, आणि त्यावर फुटलेली बोंडं. मी वाकून पाहिलं. झाडं म्हणजे तुळशीच्या वाळलेल्या काड्या. आणि बोंड म्हणजे लवंग! लवंगेच्या डोक्याला चार टोकं असतात ना, त्या टोकांच्या मधे कापसाचा पुंजका चिकटवलेला. मी कापसाच्या घरची पोर, बोंडात हात घालून बोटं सोलवटून घेतलेली. जन्मभर लवंग भातात टाकली, पण तिच्यात बोंड दडलेलं मला कधी दिसलं नव्हतं.

"हे सुचलं कसं तुमाले, काकू?"

"चहात टाकली होती. वर तरंगून आली अन् मायाकडं पाहून राहिली. मंग मी चहा राहू देला, लवंग काढून घेतली."

बाहुल्यांचं वेड त्यांना बसमध्ये लागलं होतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एकदा मागच्या सीटवर कुणाची तरी बाहुली राहिली. काकूंनी नियमाप्रमाणे डेपोत जमा केली. न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा तिथल्या बाबूनं ती त्यांनाच देऊन टाकली. "घरी आनली, पाह्यतो तं काय, इचा कोपर वाकते! मनगट वाकते! आमी लहानपनी ज्वारीच्या धांड्याच्या बाहुल्या कराचो. त्याईले कुठचा आला कोपर?" मग मोबाईलवर त्यांना कळलं की अशा बाहुल्या जमवणारी माणसं देशोदेशी आहेत. ती जुन्या बाहुल्या शोधतात, अदलाबदल करतात, खोक्याचं सील न फोडता कपाटात ठेवतात. काकू त्या मंडळींत शिरल्या, आणि आलेलं प्रत्येक खोकं आल्या दिवशी फोडू लागल्या. कुणीतरी लिहिलं, अहो, खोकं फोडलं की वस्तूची किंमत जाते. काकूंनी उत्तर धाडलं, "डब्यात बसून राहाले कोनी जलम घेते का?"

त्यांच्याकडे एकोणीस बाहुल्या होत्या, सगळ्या गोऱ्या, लाल ओठांच्या. काकू नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं आधी त्यांचे चेहरे पुसत, मग रंग देऊन त्यांना आपल्या भागातलं ऊन लावत. सगळं मोजमाप सहाला एक. खरी वस्तू सहा इंच तर इथे एक इंच. त्या हिशेबानं त्यांच्या चुली, घमेली, दोर, खाटा झालेल्या. एकदा त्यांनी एका फाट्यावरचा मोडका बसथांबा केला आणि फोटो त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका ड्रायव्हरला पाठवला. त्यानं लिहिलं, हा मूर्तिजापूरकडचा ना? इथं आपली गाडी पंक्चर झाली होती. काकू आठवडाभर त्या खुशीत होत्या.

मी दर रविवारी जाऊ लागले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. डिग्रीचा कागद बाबांनी लॅमिनेट करून देवाशेजारी लावलाय, आणि त्यात हसण्यासारखं मला काही वाटत नाही. पण त्या परातीपुढे मी पुन्हा पहिलीत बसल्यासारखी बसायची. साधी वाटणारी गोष्ट काकू उलटी करून दाखवायच्या. माती वस्त्रगाळ का करायची? कारण आपलं साधं ढेकूळ बाहुलीपुढे धोंडा होतं. मग भेगा कशा पाडायच्या? पाडायच्याच नाहीत. चिखलाचा पातळ थर द्यायचा आणि परात उन्हात ठेवायची. काळ्या मातीचा थर पातळ तर भेगाही बारीक. "माती आपल्या मनानं फाटते. तिले शिकवा लागत नाही."

कापडाचं मात्र उलटं. कापड लहान होत नाही. साधं सुती लुगडं बाहुलीला नेसवलं की ते पत्र्यासारखं उभं राहतं. म्हणून वीस-वीस वेळा धुतलेली मलमल लागायची, तीही बारीक छापाची, नाहीतर एकेक फूल ताटाएवढं. हे तुकडे गल्लीच्या तोंडावरचे शब्बीरभाई टेलर बाजूला ठेवायचे. पुडी देताना ते हटकून म्हणत, "लो काकू, तुमच्या पोरीईचा घागरा. इतना बारीक काम करोगे तो डॉक्टरनीबाईचा धंदा जोरात चालन." डॉक्टरनीबाई म्हणजे मी. मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना दर वेळी सांगायची.

"पानी अन् इस्तो, या दोन गोष्टी कोनाच्या बापाले लहान करता येत नाहीत," काकू म्हणायच्या. इस्तो म्हणजे विस्तव. थेंब थेंबाएवढाच पडतो, ज्योत ज्योतीएवढीच राहते. त्यामुळे त्यांच्या गावात कधी पाऊस पडला नाही आणि चूल कधी पेटली नाही. बाकी सगळं होतं.

फोटो सकाळी, गच्चीवर, तिरप्या उन्हात. परातीमागे कठड्यापलीकडचं खरं आभाळ. काकू पालथ्या पडायच्या, मोबाईल एका विटेवर टेकवायच्या आणि मला बजावायच्या, "वरून पाह्यलं का खेळनं दिसते. तिच्या उंचीवर गेलं का मानूस दिसते." वारा आला की ओरडायच्या, "सिंगल बेल!" म्हणजे थांबा. वारा पडला, ऊन बसलं की "डबल बेल!" आणि बोट पडायचं.

मी त्यांचा कपाशीचा फोटो बाबांना दाखवला. बाबांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला. "वावर कोनाचं?" म्हणाले. वर लगेच, "पेरा लय दाट केला येनं. एवढ्या दाट पऱ्हाटीत बाई शिरन कुठून?" मी हसत हसत काकूंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी टेप मागितली, बाबांना फोन लावायला लावला, दोन ओळींतलं अंतर विचारलं, त्याचा सहावा हिस्सा काढला आणि पुढच्या रविवारपर्यंत अख्खं वावर उपटून नव्यानं लावलं. "तुह्या बापानं पाह्यलं म्हनून बरं. आक्कानं पाह्यलं असतं तं मले कान धरून उभी केली असती."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, अकोल्याला जुन्या शहरात राहणारी. तिचं नाव दर वेळी असं धाकानंच निघायचं. का, ते मला कळायला वेळ लागला.

कपाटात एक बाहुली वेगळी, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. एकदा मी ती उघडली. तिला तोंडच नव्हतं. पुसून पुसून गाल पिवळट झालेले.

"इचा चेहरा काढाचा राहिला का?"

"ठेव थे," काकू म्हणाल्या. मग माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतःच ती परातीशेजारी ठेवली. "हे माय व्हय मायी."

त्यांची आई गेली तेव्हा काकू चार वर्षांच्या होत्या, आक्का अकरा वर्षांची. दर्यापूरच्या पुढे, जिथे विहिरीचं पाणी खारट लागतं त्या पट्ट्यातलं त्यांचं गाव. आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. तिचा एकही फोटो नाही. फोटोवाला दर्यापूरला, आणि वेचणीचा दिवस मोडून कोण जाणार? काकूंना आईचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. जे होतं ते आक्काच्या डोळ्यांत. आणि आक्काच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला होता.

"आक्काचे डोये हायेत तवरी मले माय पाह्यची हाये," काकू म्हणाल्या. "एक फोटो. आक्कानं पाह्यलं अन् म्हनलं का 'व्हय, हेच', का मंग मी या परातीत कोथिंबीर लावीन."

एकोणीस बाहुल्या, बसथांबा, खाटा ही सगळी त्यांची उजळणी होती. परीक्षा वेगळीच होती.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला सांगते. त्या दिवशी मात्र ते सांगावं लागलं नाही. काकूंनाही ते ठाऊक होतं.

मोबाईलच्या काचेवर आक्कांना नीट दिसत नसे, म्हणून काकू मोठा कागदी फोटो काढून दर पंधरवड्याला अकोल्याची बस धरायच्या. निकाल मला रविवारी कळायचा. पहिल्या फोटोला आक्का म्हणाली होती, "हे कोन पाटलीन व्हय? वावरात आली का लग्नाले?" लुगडं कडक होतं. काकूंनी मलमल पातळ खळीत भिजवली आणि बाहुलीच्या अंगावरच वाळवली, घामानं चिकटल्यासारखी. दुसऱ्या फोटोला आक्का म्हणाली, "पाय पाह्य इचे. हे पाय वावरात गेले का कधी?" खरंच होतं. त्या बाहुल्यांचे पाय उंच टाचेच्या सँडलसाठी केलेले असतात, जन्मभर चवड्यावर. काकूंनी ते कापले आणि नळाची गळती बुजवायच्या लगद्यानं सपाट पाय केले. वर सुईनं टाचांना भेगा पाडल्या. तिसऱ्या खेपेला आक्का पायांवर बोट ठेवून म्हणाली, "हे बराबर." काकू परतीच्या बसमध्ये रडल्या, हे त्यांनी मला जसं सांगितलं तसं मी लिहिते आहे.

पण चेहरा बसेना. आक्का म्हणाली, नाक सरळ होतं. काकूंनी सरळ काढलं. मग म्हणाली, एवढं सरळ नाही, बसकं. डोळे मोठे होते. एवढे मोठे नाही. हनुवटीवर गोंदण होतं. पुढच्या खेपेला गोंदण कपाळावर गेलं. काकू पुसत होत्या, काढत होत्या. लवंगांच्या वासात नेलपॉलिशच्या पाण्याचा वास मिसळला. असे पाच-सहा महिने गेले. मी एकदा म्हटलं, "काकू, आक्काले नक्की आठवते ना?"

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं त्या विनातिकीट माणसाकडे पाहत असतील. "आक्काले आठवत नसन तं मंग कोनाले आठवन? तुले?"

मी विषय सोडला. पण आक्कांची नजर किती उरलीय ते एकदा मोजून घ्यावं, म्हणून त्यांना आमच्या दवाखान्यात आणायला सांगितलं. काकू त्यांना घेऊन आल्या. ठेंगणी, गोरटेली बाई, आवाज खणखणीत. खुर्चीत बसताच मला म्हणाल्या, "तूच का थे, जिचा बाप पऱ्हाटी मोजते?"

नजरेचा घेर मोजायचं एक यंत्र असतं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे पाहायचं. आजूबाजूला बारीक दिवे लागतात. दिवा दिसला की हातातलं बटन दाबायचं. मी यंत्र सुरू केलं. आक्का भराभर बटन दाबू लागल्या. टक, टक, टक. मधे मधे यंत्र मुद्दाम दिवा लावत नाही, नुसता आवाज करतं. तेव्हाही टक. एकही दिवा चुकत नव्हता, आणि न लागलेलेही सगळे दिसत होते.

मी यंत्र थांबवलं. "मावशी, दिवा दिसला तरच बटन दाबायचं."

"नाही दाबलं तं तुले वाटन ना, का इले काईच दिसत नाही."

"वाटू द्या. मला खरं पाहिजे."

"खरं," आक्का म्हणाल्या, आणि यंत्रात हनुवटी ठेवून नुसत्याच बसल्या. मागे भिंतीशी काकू उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि त्यांना काय कळलं ते मला कळलं.

दुसऱ्यांदा आक्कांनी नीट परीक्षा दिली. कागदावर चारी बाजूंनी काळं आलं, मधे एका नळीएवढा उजेड. डॉक्टरांनी थेंब बदलून दिले. दोघी बहिणी दवाखान्याच्या पायऱ्या एकेक करून उतरल्या.

आक्का त्या दिवशी काकूंकडेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळी गेले तेव्हा परात गच्चीवर मांडलेली, पऱ्हाटी उभी, ऊन यायला लागलेलं. आक्का पाटावर बसल्या होत्या. मधे ती बिनचेहऱ्याची बाहुली.

"आक्का," काकू म्हणाल्या. रागावलेल्या नव्हत्या, पण आवाज तिकीट तपासतानाचा होता. "नाक कसं होतं मायचं?"

आक्का परातीकडे पाहू लागल्या. मान इकडे तिकडे वळवून, त्या नळीतून एकेक झाड.

"मले तोंड आठवत नाही, वच्छे."

"मंग इतके दिवस?"

"तू इचारत गेली, मी सांगत गेली. थोरली मी. मले बी आठवत नाही म्हनलं असतं तं तू कोनाले इचारलं असतं?"

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी रजई झटकत होतं. मला वाटलं, आपण उठून जावं. मी गेले नाही.

"मंग काय आठवते ते सांग," काकू म्हणाल्या.

आक्कांनी हात पुढे केला. परातीत बाहुली काकूंनी नेहमीप्रमाणे समोर तोंड करून उभी केली होती. आक्कांनी ती उचलली, पाठमोरी केली आणि दोन ओळींच्या मधे रोवली. कमरेत वाकवली. कमरेला बांधलेली कापसाची झोळी हातानं चाचपली आणि दोन्ही अंगांनी फुगवली, मागूनही दिसेल अशी. लुगड्याचा काठ वर खोचला, भेगाळलेल्या टाचा उघड्या पडतील इतका. "मी तिच्या मांगं राहो. तिच्या हातून सुटलं थे वेचो. हे पाठ अन् हे टाचा. मले एवढंच दिसे दिवसभर."

"अन् मी कुठी?"

"तू पुढं. त्या धुऱ्यावर, निंबाखाली, गोनपाटावर." आक्कांनी परातीच्या दुसऱ्या टोकाचा बांध दाखवला. "थे घडीघडी मान वर करे, तू हायेस का नाही पाहाले. तोंड तं तुह्याकडंच राहे तिचं. पाह्यलं तं तूच असन, वच्छे."

काकू पालथ्या पडल्या. विटेवरून मोबाईल काढून त्यांनी तो अकरा वर्षांच्या मुलीच्या डोळ्याच्या उंचीवर धरला. सहाला एक, किती इंच ते त्यांना मोजावं लागलं नाही. बाहुलीची मान त्यांनी एका बोटानं थोडी वर केली. वारा थांबायची वाट पाहिली. एकच फोटो काढला.

दुपारी छापून आणलेला तो कागद आक्कांनी डोळ्यांपाशी नेला आणि हळूहळू सरकवत पाहिला. आधी टाचा, मग झोळी, मग पाठ. "व्हय," त्या म्हणाल्या. "आता व्हय." आणि मग त्या बोलायला लागल्या. आई गाणी म्हणायची नाही, शिट्टी वाजवायची, आणि आजी त्यावर चिडायची. दुपारी कांदा बुक्कीनं फोडायची. गेली त्या दिवशी झोळी कमरेलाच होती, ती कुणी सोडली ते आक्कांनी सांगितलं. काकू कागदाचा एक कोपरा धरून ऐकत होत्या. बहिणीनं इतक्या वर्षांत यातलं काही सांगितलं नव्हतं. का, असं मी नंतर विचारलं तर काकू म्हणाल्या, "मी नाकच इचारून राहिली होती."

आणखी एक गोष्ट मी विचारली. मला राहवलं नाही. परात तशीच होती, बाहुली तशीच. धुऱ्याच्या बाजूनं, समोरून एक फोटो काढायला काय हरकत होती? चेहरा मनानं दिला असता. एकोणीस जणींना दिलाच होता की.

"तिकून पाहनारी पोरगी चार वर्साची होती," काकू म्हणाल्या. "तिनं काय पाह्यलं थे तिले आठवत नाही. न दिसलेल्या दिव्याले मी बी बटन दाबू का?"

नंबर तपासताना समोरचा माणूस अक्षर न दिसता अंदाजानं सांगतो, तेव्हा ते मला लगेच कळतं. स्वतःच्या बाबतीत इतकं कळायला काय लागतं, ते मी त्या गच्चीवर पाहिलं.

पुढच्या वर्षी आक्कांची ती नळीही मिटली. काकूंनी अमरावतीच्या खोल्या सोडल्या आणि बहिणीकडे अकोल्याला राहायला गेल्या. बाहुल्यांची खोकी, माती, तुळशीच्या काड्या, सगळं बसच्या टपावर चढवलं. परात मात्र मांडीवर घेऊन बसल्या. मी स्टँडवर सोडायला गेले होते. शब्बीरभाईंनी कापडाच्या तुकड्यांची मोठी पिशवी खिडकीतून आत दिली आणि लगेच निघून गेले. गाडी हलेपर्यंत काकू नव्या कंडक्टरला दारापाशी गर्दी का होऊ देतोस म्हणून सुनावत होत्या.

मागच्या महिन्यात मी अकोल्याला गेले. आता मांडामांड आक्का करतात, हातानं. कोणती बाहुली कुठे, हे त्यांना बोटांनी बरोबर कळतं. काकू पालथ्या पडून पाहतात, आणि काय दिसतंय ते मोठ्यानं सांगतात. दोघींचं भांडण चालूच असतं. मी गेले तेव्हा परातीत तेच वावर होतं, धुऱ्यावर आता एक इवला निंबही होता, आणि ओळींमध्ये माय उभी होती, अजून बिनचेहऱ्याची.

"कसी दिसते?" आक्कांनी विचारलं.

काकूंनी पालथं पडून पाहिलं. "थकल्यावानी," त्या म्हणाल्या. "सकायपासून उभी हाये."

"मंग बसव ना तिले. आपल्याले कधी सुचलंच नाही बाप्पा."

काकू उठेपर्यंत आक्कांचाच हात पुढे गेला. एकाही झाडाला धक्का न लावता तो ओळींमधून आत गेला. त्यांनी मायच्या कमरेची झोळी सोडली, तिला उचलून धुऱ्यावर निंबाखाली नेलं, आणि एकेक करून तिचे दोन्ही गुडघे वाकवले.